सणासाठी राखलेल्या तांती

किआला मास्तरांच्या वर्गात व्हायोलिनला सायकलच्या ब्रेकची तार लावतात, हे किन्शासातल्या आमच्या न्गाबा वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवल वाटायचं ते बाहेरून येणाऱ्यांना. ते डोळे मोठे करायचे, वाकून वाकून फोटो काढायचे, आणि मास्तरांचं डोकं फिरायचं. "तारेचा कसला फोटो काढता? पोरं वाजवतात ते ऐका की!" असं आमच्या लिंगाला भाषेत पुटपुटायचे आणि तोंडावर हसू तसंच ठेवायचे. दुसरं करणार काय? किन्शासात एकच कायदा लहानथोरांना पाठ आहे : आपलं आपण बघा. दुकानात तारा नाहीत, असल्या तर परवडत नाहीत. मग सायकलवाल्याकडून ब्रेकची वायर आणायची, पक्कड घेऊन पीळ उकलायचा. एक पदर सुटा काढला की सगळ्यात बारीक आवाजाची तार झाली, चारसहा पदर पुन्हा वळले की जाड आवाजाची. पोरांची बोटं काळी पडायची, कधी कापायची. पण एकदा चढवली की ती तार चढली. खुंटी पिळून स्वर लावा आणि आठवडाभर विसरून जा. आवाज कर्कश, पण जात इमानी.

मास्तर स्वतःही याच तारेवर शिकले होते. चर्चच्या अडगळीत सापडलेलं एक व्हायोलिन, एक फाटकं पुस्तक आणि डोक्यातलं खूळ, एवढ्यावर. दिवसा कपडे शिवायचे, दुपार कलली की चर्चच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग. आसपासच्या गल्ल्यांतली वीस-बावीस पोरं यायची. शेडमध्ये उकाडा असा की भाकरी भाजावी, पण कुणाचं पोर तिथून लवकर घरी आलंय असं कधी झालं नाही.

तर त्या शेडवरच गंडांतर आलं. चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष मोसेंगो एक दिवस दारात उभे राहिले. हातात टोपी, चेहरा अगदी लोण्याचा.

"मास्तर, तुमचं काम देवाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण देवाच्या घराचं छप्पर गळतंय, त्याचं काय? पाण्याच्या पिशव्या विकणारे आलेत. गोदाम पाहिजे म्हणतात. भाडं देतील, छप्परही करून देतील."

"आणि पोरं कुठे जातील?"

"तेच सांगायला आलो. जूनअखेरपर्यंत मी त्यांना थोपवून धरतो. तोवर कुणी मोठं माणूस तुमच्या वर्गामागे उभं राहिलं, तर शेड तुमची. नाही राहिलं तर..." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मी एकटा काय करणार हो? मंडळ आहे."

मास्तरांना सगळ्या पोरांची काळजी होती, पण झोप उडवली ती एकीनेच. लुझोलो. तेरा वर्षांची, काटकुळी, बोलणं जेवढ्यास तेवढं. आई सीमेपलीकडे लुआंडाला कामाला गेली ती तिकडचीच झाली. पोर मावशीकडे राहायची. मावशी, मातोंडो, बाजारात बर्फातली मासळी विकायची. तोंडाने तिखट, पण शब्दाची पक्की. तिने मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, "हे बघा मास्तर, पोरीच्या हातात काहीतरी आहे म्हणता, म्हणून मी दुपारची तिला सोडते. वर्ग आहे तोवर सोडीन. वर्ग बंद झाला तर ती माझ्या टोपलीमागे बसेल. मला दोन हात आहेत, मासळी विकायला चार लागतात."

आणि पोरीच्या हातात होतं हो! मास्तरांनी वीस वर्षांत शंभरेक पोरं शिकवली. चांगली होती, हुशार होती. पण लुझोलो गज ठेवायची आणि मास्तर हातातली कात्री खाली ठेवायचे. त्या ब्रेकच्या तारेतूनसुद्धा ती काहीतरी असं काढायची, की आपण हिला शिकवलं हे मास्तरांना स्वतःलाच खरं वाटायचं नाही. ही पोर मासळीमागे गेली तर आपलं वीस वर्षांचं खूळ हे नुसतं खूळच, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

मे महिन्यात एलेनबाई आल्या. बेल्जियमच्या. जन्मभर तिकडच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलेली बाई. केस पांढरे, पाठ ताठ, आणि आमच्या मिरचीला न घाबरणारी. दरवर्षी येऊन मुलांना थोडे दिवस शिकवून जायच्या. मोसेंगोंचं ऐकून त्या उसळल्या.

"पाण्याच्या पिशव्या? या जागेत? मुळीच नाही. आपण तिकडे साहेबांच्या वस्तीत, गोम्बेतल्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम करू. वकिलातीतले लोक येतील, कंपन्यांचे साहेब येतील. सिमेंट कंपनीच्या मोठ्या साहेबांशी मी बोलते. ते वर्गाचा भार उचलायला तयार होतील, फक्त त्यांनी मुलांना एकदा ऐकायला हवं."

आणि खरंच त्यांनी सगळं जुळवून आणलं. हॉल ठरला, जूनमधला शनिवार ठरला, पत्रिका छापल्या. मग त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, लुबुम्बाशीच्या मुलांना शिकवायला निघाल्या; कार्यक्रमाच्या दिवशीच परत येणार होत्या. निघताना पिशवीतून एक चपटा डबा काढून त्यांनी मास्तरांच्या हातात ठेवला. आत पातळ कागदांत गुंडाळलेल्या तारा. तारा कसल्या, पिवळसर, मऊ, काहींवर रुपेरी तार गुंडाळलेली.

"तांत आहे," बाई म्हणाल्या. "मेंढीच्या आतड्याची. मी जन्मभर हीच वापरली. पोलादाला नुसता आवाज असतो मास्तर, तांतीला गळा असतो. सगळ्या मुलांना पुरतील एवढ्या आहेत. या तुमच्या कार्यक्रमासाठी."

चेलो वाजवणारा काबेया, अंगाने दांडगा आणि जिभेने त्याहून, मागून डोकावला. "मेंढीचं आतडं? मास्तर, आमच्या चौकात हे मिरची लावून भाजून देतात!"

पोरं खिदळली. बाईही हसल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. ते डबा दोन्ही हातांनी धरून उभे होते.

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सणाला, लग्नाला, मयताला आमच्याकडे सगळ्या घराने एकाच ठाणातलं कापड घ्यायचं असतं. ते शिवून पेटीत जातं आणि त्या दिवशी सकाळीच अंगावर चढतं. आदल्या रात्री घालून नुसतं आरशात बघितलं तरी ते जुनं झालं. आणि जुनं घालून सणाला जाणाऱ्याला किन्शासात कोण विचारतो? पोटात काही नसलं तर चालेल, कुणी आत डोकावत नाही. अंगावरचं मात्र कोरं पाहिजे. मास्तर तर शिंपी. जन्मभर लोकांच्या सणाचं कापड त्यांनीच शिवलेलं. तो डबा त्यांनी घरी नेला आणि बायकोच्या, न्सोनाच्या, पेटीत तळाशी ठेवून वर कुलूप घातलं.

पोरांच्या आयांनीही ठाण घेतलं. निळं, त्यावर पिवळे पक्षी. मातोंडोमावशीने नाक मुरडत का होईना पण लुझोलोचा वाटा दिला. मास्तर दिवसा पक्ष्यांचे सदरे आणि झगे शिवत होते, संध्याकाळी तालमी घेत होते. त्याच जुन्या तारांवर.

एकदा तालीम संपल्यावर लुझोलो मास्तरांमागून त्यांच्या घरापर्यंत आली.

"मास्तर, त्या तांतीतली एक लावून बघू? एकच. माझ्या व्हायोलिनला."

"का? हिला काय धाड भरलीय?"

"धाड नाही. बोटाला कशी लागते ते बघायचंय. लगेच काढून ठेवीन."

"लगेच काढून ठेवीन म्हणे! झगा घालून बघतेस का आत्ताच? नाही ना? मग? कार्यक्रमासाठी दिल्यात बाईंनी, कार्यक्रमालाच निघतील. तोवर आहे त्यावर घोट."

"पण मास्तर, ती मऊ आहे. ही कडक."

"मऊच बरी. तुझी बोटं सुटली एकदाची. जा, मावशी बोंबलेल."

ती गेली. न्सोना दारात पालेभाजी कांडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "एलीचे बाबा, लावू दिली असती एक पोरीला तर काय बिघडलं असतं?"

"तू पण? पाहुण्यांसमोर वापरलेली वस्तू न्यायची?"

"वापरलेली कुठली. बघितलेली."

"तेच ते," मास्तर म्हणाले आणि मशीनवर बसले. न्सोनानेही मग वाद घातला नाही. तिलाही मनातून ते पटलंच होतं. आमच्यापैकी कुणालाही पटलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शेडमध्ये लग्नघरासारखी धांदल उडाली. आया झगे घालून देत होत्या, कुणी केस विंचरत होतं, कुणी कसाव्याच्या क्वांगाचा तुकडा पोरांच्या तोंडात कोंबत होतं. मास्तर पक्कड घेऊन बसले आणि एकेका व्हायोलिनवरची ब्रेकची तार तोडून टाकू लागले. तुटताना ती टण्णकन वाजायची आणि पोरं प्रत्येक वेळी ओरडायची. काबेयाने सगळ्या जुन्या तारांचं भेंडोळं केलं, डोक्यावर मुगुटासारखं ठेवलं, आणि आवाराबाहेरच्या घळीत जाऊन फेकून आला. "गेली इडापीडा!" मास्तरसुद्धा हसले. कित्येक दिवसांनी हसले.

मग तांती चढल्या. त्या पिवळ्या रेघा जुन्या लाकडावर इतक्या साजऱ्या दिसल्या की आया बोलायच्या थांबल्या. लुझोलोने खुंटी पिळली, स्वर लावला, गज ठेवला. आवाज असा गोल, दाट आला की तिने गज उचलून घेतला आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी नुसती मान हलवली.

"मास्तर," थोड्या वेळाने ती म्हणाली, "उतरली."

"काय?"

"स्वर उतरला. आत्ता लावला होता."

मास्तरांनी बघितलं. खरंच उतरला होता. "खुंटी सैल आहे. इतकी वर्षं तारेने भोक घासलंय ना. खुंटीला खडू लाव, म्हणजे घसरायची नाही."

तिने खडू लावला. काबेयाने लावला. सगळ्यांनीच खडू लावला. पुन्हा स्वर लावले, पुन्हा उतरले. भाड्याची बस दारात येऊन भोंगा वाजवत होती. मास्तर म्हणाले, तिकडे गेल्यावर लावू, रस्त्यात धक्क्यांनी असंही सगळं उतरणारच आहे. खुंटीचाच दोष, ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी पक्की बसली होती की दुसरं काही असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. कसं असणार? वीस वर्षं ज्याने फक्त पोलाद पिळलं, त्याला पोलाद हीच तार.

हॉलमध्ये गारवा होता, गालिचा होता, आणि खुर्च्या अशा मऊ की मातोंडोमावशी बसली ती दचकून उठली. "आत काय आहे हिच्यात?" एलेनबाई धावपळीत होत्या, लुबुम्बाशीचं विमान उशिरा आलं होतं, मुलांना लांबूनच हात हलवून त्या पाहुण्यांत गेल्या. सिमेंट कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसले. आमच्याच देशाचे, उंच, चष्मेवाले, कोट असा की मास्तरांनी लांबूनच शिवण ओळखली आणि मान डोलावली. पडद्यामागे पोरं खुंट्या पिळत होती. पिळून झाली की पहिल्याची पुन्हा उतरलेली असायची.

"होईल," मास्तर म्हणत होते. "उजेडात गेलं की होईल."

पडदा उघडला. निळे झगे, पिवळे पक्षी बघून लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. पहिल्या तुकड्याची सुरुवात बरी झाली, म्हणजे इतकी बरी की मास्तरांनी श्वास सोडला. मग मागच्या रांगेतून एक आवाज खाली सरकला. त्याच्यापाठोपाठ दुसरा. प्रत्येक व्हायोलिन आपापल्या चालीने उतरत होतं. कुणी केसभर, कुणी हातभर. मुलं एकमेकांकडे बघून बोटं हलवू लागली, याचा स्वर धरावा तर तोही घसरत होता. काबेयाचा चेलो तर म्हशीसारखा रेकू लागला. मास्तर हात हलवत होते, पण हाताने काय होणार? लोक शांत बसले होते. वाईट वाजवलं तर आमच्या चौकात लोक ओरडतात, शेंगा फेकतात. इथे कुणी काही फेकलं नाही.

मधे थांबून पुन्हा स्वर लावले. पुन्हा तेच.

मग लुझोलो एकटी पुढे आली. हा तुकडा साहेबांनी ऐकायचा, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. तिने सुरुवात केली. आठदहा गज मारले असतील नसतील, तांत खाली येऊ लागली. मास्तरांनी बघितलं, पोर बोट वर सरकवून तिला गाठत होती. स्वर पळतो आहे आणि पोर त्याच्यामागे धावते आहे. घाम तिच्या कानशिलावरून ओघळत होता. काही वेळ तिने गाठलं, खरंच गाठलं. दुसरी कुणी असती तर केव्हाच बसली असती. पण त्या तुकड्यात एक जागा अशी होती की तिथे बोट न ठेवता मोकळी तार वाजवायची. तिथे बोट काय करणार? ती जागा आली आणि तो भलताच स्वर हॉलभर पसरला. लुझोलोने गज उचलला. तिने पुन्हा ठेवला नाही.

टाळ्या झाल्या. दयेच्या टाळ्या लगेच कळतात. त्या फार नेटक्या असतात.

मध्यंतरात मास्तरांनी पडद्यामागे काबेयाचा दंड धरला. "जुन्या तारा! जुन्या तारा कुठे आहेत?"

"घळीत, मास्तर. तुमच्यासमोरच तर फेकल्या."

"एकसुद्धा नाही ठेवलीस? एक?"

काबेया खाली बघत राहिला. लुझोलो भिंतीला टेकून बसली होती. झगा चुरगळू नये म्हणून तिने तो गुडघ्यांवर गोळा करून धरला होता. मास्तर तिच्याकडे गेले नाहीत. त्यांना वाटलं, आधी हे निस्तरू, मग बोलू.

निस्तरायला काही उरलंच नव्हतं. दुसरा भाग आटोपता घ्या, असा कुणीतरी निरोप आणला. मुलांनी एक स्तोत्र कसंबसं वाजवलं, आणि पाहुणे बाहेर खाण्याच्या टेबलांकडे गेले. मास्तरही तिकडे गेले, कारण बोलावलं होतं. सिमेंटचे साहेब सज्जन होते. त्यांनी हात मिळवला.

"मुलांनी फार कष्ट घेतले. फार. पण मला एक सांगा, बाई म्हणाल्या होत्या, सायकलच्या ब्रेकच्या तारा असतात. तेच तर ऐकायला आलो होतो मी. कुठे आहेत त्या?"

"काढल्या, साहेब," मास्तर म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून."

"अरेरे," साहेब म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. "बघू. पुढच्या वर्षी बघू आपण."

ते वळले आणि कुणाशी तरी मासेमारीच्या गोष्टी बोलू लागले. एलेनबाई जवळ येऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मास्तर, तांती कधी लावल्या?"

"आज. सकाळी."

"आज?"

"तुम्ही म्हणाला होता, कार्यक्रमासाठी."

बाईंनी डोळे मिटले. मग हळू बोलल्या, जणू कुणी ऐकू नये. "तांत ताणून ताणून बसावी लागते. आठवडा, कधी दहा दिवस. रोज लावायची, रोज उतरते, मग एक दिवस उतरायची थांबते. मी मे महिन्यात म्हणूनच दिल्या. मला वाटलं, तुम्हाला..." त्या थांबल्या. "नाही. मीच सांगायला हवं होतं."

पुढे त्या बरंच बोलल्या. मास्तरांच्या कानात एकच गोष्ट राहिली : हे तिकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बाई तसं म्हणाल्या नव्हत्या, पण मास्तरांना ते ऐकू आलं. वीस वर्षं मास्तर म्हणवून घेतलं, आणि तांत ताणते एवढं माहीत नाही! आणि पोर येऊन म्हणाली होती, एक लावून बघू? तिच्या एका 'बघू'त सगळं कळलं असतं. ज्याने तिला गप्प केलं तो मास्तर कसला, तो शिंपीच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. यांनी तर हातचं घळीत फेकलं होतं.

परतीच्या बसमध्ये आयांनी पोरांच्या अंगावर चादरी टाकल्या. मातोंडोमावशी लुझोलोला जवळ घेऊन बसली होती. एकदाच म्हणाली, "घाबरलीस होय गं? होतं असं. मीपण पहिल्या दिवशी बाजारात वजनात चुकले होते." लुझोलो मान हलवून हो म्हणाली. मास्तर पुढच्या बाकावर होते. त्यांनी ऐकलं. मागे वळून सांगायला हवं होतं की पोर घाबरली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आज नको, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

एलेनबाई जाताना रडल्या. पुढच्या वर्षाचं काहीबाही बोलल्या. मोसेंगो आले, टोपी हातात. "मास्तर, मी मंडळापुढे पुष्कळ बोललो." मास्तर म्हणाले, "माहीत आहे." खरं म्हणजे माहीत नव्हतं, पण आता त्याने काय फरक पडत होता?

जून सरेपर्यंत पोरं येत राहिली. थोडी थोडी गळत गेली, तरी येत राहिली. दुसऱ्या तारा नव्हत्याच, म्हणून त्याच तांतींवर वाजवत होती; रोज लावायची, रोज उतरायची. मास्तर कोपऱ्यात बसून बघायचे, दुरुस्त फारसं करायचे नाहीत.

शेवटच्या दिवशी पाण्यावाल्यांचे हमाल दुपारीच आले. त्यांनी अर्ध्या शेडमध्ये खोकी रचायला सुरुवात केली. वाद्यं चर्चच्या कोठीत कुलुपात जायची होती. काबेयाने चेलो पाठीवर मारला, "चला म्हातारबा," म्हणाला, आणि हसू आणायचा प्रयत्न करून निघून गेला. लुझोलो उरली.

तिने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. सवयीने खुंटीकडे हात नेला आणि थांबली. चारही तांती एकेक करून छेडल्या. पुन्हा छेडल्या.

"मास्तर, उतरल्या नाहीत."

मास्तर उठून उभे राहिले.

"काल लावल्या तशाच आहेत. बघा."

तिने तो तुकडा धरला. तोच, हॉलमधला. मास्तरांनी जन्मात असलं काही ऐकलं नव्हतं. मोकळ्या तारेची ती जागा आली आणि स्वर असा भरून उभा राहिला, की एका हमालाने डोक्यावरचं खोकं तसंच धरून ठेवलं. दुसरा म्हणाला, "अरे उचल, ट्रक थांबलाय." पहिल्याने खोकं ठेवलं आणि दोघंही बाहेर गेले. लुझोलोने तुकडा पुरा केला. एकही स्वर इकडचा तिकडे झाला नाही.

तिने गज खाली घेतला. काही वेळ ती तांतींकडेच बघत राहिली. मास्तरांना तिच्या कपाळावरची आठी दिसली आणि त्यांनी ओळखलं की पोर हिशोब लावते आहे.

"म्हणजे या ताणत होत्या. रोज थोड्या थोड्या."

"हो."

"त्या दिवशी पण."

"हो."

"मग त्या दिवशी माझी बोटं बरोबर होती?"

"बरोबर होती, पोरी. तुझी बोटं बरोबर होती. तू मागत होतीस तेव्हा एक लावू दिली असती तर... मी चुकलो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच रात्री. बाईंनी सांगितलं."

लुझोलो रागावली असती, रडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, मला येतच नाही. मावशीला तसं सांगितलं मी. म्हटलं, वर्ग गेला तर जाऊ दे, मला तसंही येत नाही."

फाटकाबाहेरून मातोंडोमावशीची हाक आली. बर्फ वितळतंय म्हणून ओरडत होती.

"हे घेऊन जा," मास्तर घाईने म्हणाले. व्हायोलिन त्यांनी तिच्याकडे सरकवलं. "कोठीत नको. मोसेंगोंचं मी बघतो. घरी वाजव."

"घरी कुठे? खोलीत सहा जण झोपतो. आणि मासळीचं पाणी सगळीकडे असतं, मास्तर. लाकूड फुगेल." तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं. मग पुन्हा उघडून चारही खुंट्या जराशा सैल केल्या. बंद पेटीत वाद्य ठेवताना ताण कमी करायचा, हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं.

"राहू दे ना तशाच," मास्तर म्हणाले. "आत्ता कुठे बसल्यात."

"कुणी वाजवणार नाही तर कशाला ताणून ठेवायच्या?" ती म्हणाली. झाकण लावलं, कड्या घातल्या, पेटी कोठीच्या दाराशी इतर पेट्यांच्या ओळीत नेऊन ठेवली, आणि मावशीची टोपली उचलायला बाहेर गेली.